याम्नाचे शुक्रवार

"कधी गेली ती?" दारातल्या बाईनं विचारलं.

"चार वर्षांची असताना. गोवर आला होता," सी मेक्की म्हणाला.

हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही. पुढं कितीतरी दिवस त्याला याचंच नवल वाटत राहिलं.

बाईचं नाव याम्ना. चौदा वर्षांपूर्वी फास शहरातल्या इस्पितळात तिनं आपली तान्ही मुलगी सोडली होती. लग्न झालेलं नव्हतं आणि तिचा बाप तिचा जीव घ्यायला उठला होता. सी मेक्की आणि त्याच्या बायकोनं ती मुलगी सांभाळायला घेतली. बायको वारल्यावर तो मुलीला घेऊन सेफ्रूला येऊन राहिला. आता याम्नाचा बाप मेला होता आणि ती माग काढत इथवर पोचली होती.

मुलीचं मूळ लपवणार नाही, तिचं कुणी आलंच तर खरं सांगेन, असं लिहून सी मेक्कीनं न्यायाधीशासमोर सही केली होती. तो स्वतः काझीच्या कचेरीत लग्नांचे, वाटण्यांचे कागद लिहायचा. त्याच्या शब्दावर अख्खं सेफ्रू डोळे मिटून विश्वास ठेवायचं.

तेवढ्यात हनिया शाळेतून आली. दप्तर कोपऱ्यात टाकलं, पाहुणीला सलाम केला आणि आत पळाली.

"ही?"

"ही नंतर घेतली."

याम्ना बराच वेळ आतल्या पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कबर दाखवाल?"

तो तिला कबरस्तानात घेऊन गेला. भिंतीकडेच्या, नाव नसलेल्या एका लहानशा उंचवट्याकडे त्यानं बोट केलं. याम्ना तिथंच खाली बसली आणि रडली.

संध्याकाळच्या बसनं ती जाईल, असं त्याला वाटलं होतं. ती गेली नाही. तिनं जुन्या बाजारामागं खोली घेतली आणि जेलाब्यांची, म्हणजे लांब अंगरख्यांची, रेशमी बटणं विणायला लागली. दर शुक्रवारी त्या कबरीवर पाणी घालायला जायची.

आणि तिच्याकडे बटणं शिकायला जायला लागली ती नेमकी हनियाच.

"बाबा, याम्नामावशी म्हणते, माझी बोटं सुईसाठीच घडवलीत."

"अभ्यास कर."

"आणि म्हणते, तुमच्या जेलाब्याची बटणं कुणा खाटकानं लावलीत!"

सी मेक्कीला हसू आलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. दर शुक्रवारी नमाजानंतर तो ठरवायचा, आज सांगून टाकू. याम्नाच्या दारापर्यंत जायचा. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं की त्याचं अवसान गळायचं. सांगितलं तर पोरगी आईच्या मागं जाईल. मग या घरात आपण कुणासाठी दिवा लावायचा?

एकदा दार अचानक उघडलं.

"सी मेक्की! काही सांगायचं होतं?"

"नाही. हनियाला न्यायला आलो."

"या ना, चहा घेऊन जा."

"पुन्हा कधीतरी."

"बरं," ती म्हणाली. "पण या हं नक्की."

त्या हिवाळ्यात तिची छाती भरली आणि आठ दिवसांत ती गेली. नातेवाईक कुणी नव्हते. पुढचा खांदा सी मेक्कीनंच दिला.

तिसऱ्या दिवशी तो हनियाबरोबर तिच्या कबरीवर गेला. रोटी आणि सुके अंजीर वाटून झाले, माणसं पांगली.

"हनिया, मी फार मोठं पाप केलंय," तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. गोवर, ती परकी कबर, काहीच लपवलं नाही. "ती तुझी आई होती, पोरी."

ती ओरडेल, तोंड फिरवेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"ठाऊक आहे, बाबा," हनिया म्हणाली. "मला पहिल्या महिन्यातच तिचा चेहरा बघून कळलं. तिनं तर पहिल्या दिवशीच मला ओळखलं होतं."

"मग ती बोलली का नाही?"

"म्हणायची, ज्या माणसानं तुला वाढवलं, त्याला खोटं पाडून मला आई व्हायचं नाही. ते स्वतः सांगतील. तोवर मी त्या कबरीवर पाणी घालीन, तू मावशीच म्हण."

हनिया कबरीकडे वळली.

"आई," तिनं पहिल्यांदा हाक मारली.