पिंजऱ्याला बांधलेला कप

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही, वहिनी. कोणालाच वाटत नाही," दारात बूट काढता काढता म्हातारा म्हणाला.

"नाहीच वाटणार," शिवणयंत्रावरची बाई म्हणाली. "तुम्ही जहाजावरचे आबा ना? तुमची कवळी माशाने पळवली आणि पुढच्या बंदरात हसून परत केली, ते तुम्हीच. मुलाने फोनवर सांगितलंय सगळं."

म्हातारा हसला. कवळी जागेवर होती. तो खुर्चीच्या कडेला टेकला. उजवा हात कोटाच्या खिशात होता, तो तिथेच राहिला.

खोलीभर कापडाचे तुकडे पडले होते. खिळ्याला एक निळा कोट टांगलेला होता, बाह्या नुसत्या टाचलेल्या. मुलाला परत आल्यावर मोठ्या सभागृहात समुद्राबद्दल बोलायचं होतं, त्यासाठी.

"जहाज सकाळीच धक्क्याला लागलं म्हणे," ती म्हणाली. "मग आमचा ठोंब्या कुठाय?"

"ठोंब्या? तिथे त्याला मुकादम म्हणतात."

"मुकादम? घरी स्वतःचा टॉवेल सापडत नाही त्याला."

"अहो, अख्खी मोहीम विद्यार्थ्यांची. प्राध्यापक किनाऱ्यावर, जहाज पोरांच्या हुकमात. कुठे थांबायचं, किती खोल जायचं, सगळं हा ठरवणार. कप्तानसुद्धा विचारायचा, मुकादम, चहा आत्ता घेऊ की नंतर?"

ती हसली. पायाखालचं यंत्र टकटकत राहिलं. "बरं, पण कुठाय?"

"तेच सांगायला आलोय. आमचा पिंजरा गेला."

पिंजरा म्हणजे माणसाहून उंच लोखंडी चौकट, आत उभ्या लावलेल्या बाटल्या. आबा विंचवर, म्हणजे तार सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्रावर बसायचा आणि पिंजरा तळापर्यंत सोडायचा. खोल समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून वर यायचं. मुलाचं सगळं संशोधन त्या पाण्यावर चाललं होतं.

"शेवटची बुडी होती ती, सगळ्यात खोल," आबा म्हणाला.

"ठाऊक आहे. आदल्या दिवशी फोन आला होता. आई, उद्या तुझा कप खाली सोडतो, म्हणाला. मला वाटलं, तुमच्या संगतीने थापा मारायला शिकला."

"थाप नाही. रीतच आहे पोरांची. थर्माकोलच्या कपावर आपल्या माणसाचं नाव लिहायचं आणि जाळीत घालून पिंजऱ्याला बांधायचा. खालचं पाणी असं दाबतं, की कप अंगठ्याएवढा होऊन येतो. अक्षरंही तेवढीच बारकी."

"मग?"

म्हाताऱ्याने खिशातला हात जरा हलवला. "मग बाजूने लाट आली. माझ्या गोष्टीतली नाही, खरीखुरी. तार तुटली. आमच्या डोळ्यांदेखत गेला तो, वहिनी. सगळे कठड्याशी हात पुढे करून उभे, हाताला काही लागेना. जहाज म्हणजे सायकल नव्हे, पाय टेकला की थांबायला. वळेपर्यंत नुसतं पाणी. आचाऱ्याने तर हवेची रिंग फेकली."

"पिंजऱ्याला रिंग?"

"घाबरलेला माणूस हाताला येईल ते फेकतो. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथेच गोल गोल फिरलो. पोरं तर रडत होती."

"लोखंडासाठी?"

"जीव लावला होता सगळ्यांनी."

तिने दोरा तोडला. "आणि हा?"

"तो तिथेच राहिलाय. शोधायला दुसरी बोट आली, तिच्यावर चढला. सापडल्याशिवाय हलायचा नाही."

"फोनही लागत नाही."

"आमच्या जहाजावरची सोय त्या बोटीवर कुठली?"

"हट्टी आहे. बापावर गेलाय." ती उठून कोटापाशी गेली. "बाह्यांचं माप नव्याने घ्यायचं होतं. बारीक झाला का हो?"

"नाही. होता तसाच." म्हातारा खाकरला. "आहे तसाच."

ती टाचण्या काढत बसली.

"म्हणजे माझा कपही गेला," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यांदाच कोणी माझं नाव कशावर लिहिलं होतं. दुकान मी चालवते, पाटीवर अजून सासरे आहेत."

तिने हे हसत म्हणायला घेतलं होतं, पण हसणं काही शेवटपर्यंत टिकलं नाही. तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

आबाला आयुष्यभर उत्तरासाठी कधी थांबावं लागलं नव्हतं. आज त्याने आपल्या सगळ्या गोष्टी चाळून पाहिल्या, कप्तानाच्या, आचाऱ्याच्या, माशाचीसुद्धा, पण एकही कामाला येईना. तिचे हलणारे खांदे त्याला बघवेनात. खिशातला हात आपोआप बाहेर आला.

"रडू नका, वहिनी. हा घ्या."

तळव्यावर इवलासा पांढरा कप होता. त्यावर निळ्या शाईत तिचं नाव होतं, आडनावासकट, आणि खाली 'आई'.

तिने डोळे पुसले. कप बोटावर चढवून पाहिला. शिवताना घालायच्या अंगुस्तानासारखा बरोब्बर बसला.

"खरंच की हो," ती म्हणाली. "केवढासा झालाय." बोट उजेडात धरून ती तो फिरवत राहिली. "तळाला जाऊन आला माझा कप."

मग बोट फिरायचं थांबलं.

"आबा, हा पिंजऱ्यालाच बांधला होता ना?"

"हो."

"त्याच बुडीला?"

म्हातारा बुटांकडे बघत राहिला.

"कप वर आला, म्हणजे पिंजरा वर आला," ती हळू म्हणाली. "मग खाली कोण राहिलं?"