सग्वारोच्या रानात हाक

२०२३च्या मार्चमध्ये, अ‍ॅरिझोनातल्या सग्वारो पार्कात, वीणाताई थर्मासमधला चहा ओतत असतानाच मनोहरराव बाकावरून उठून गेले. थर्मासचं झाकण लावून त्या वळल्या, तर बाक रिकामा.

पायवाटेवर कोणी नव्हतं. पलीकडे डोंगरापर्यंत नुसते निवडुंग. दोन-तीन पुरुष उंचीचे, हात वर करून उभे. लांबून त्यातला प्रत्येक जण त्यांना मनोहररावच वाटत होता.

"बाबा पुन्हा निघून गेले?" गाडीतून पाणी घेऊन आलेला देवदत्त ओरडला.

याआधी ते देवदत्तच्या गावी, नेपरव्हिलला, बर्फात सपाता घालून घराबाहेर निघाले होते. पोलिसांनी घरी आणलं होतं. तेव्हाच देवदत्तने विसर पडलेल्या म्हाताऱ्यांचं एक होम बघून ठेवलं आणि आईला बजावलं, "अजून एकदा झालं ना, तर मी तुझं ऐकणार नाही." तरीही वीणाताईंनी हट्टाने ही ट्रिप काढायला लावली होती. नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला हा निवडुंग नवऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"आजी, यू स्टे हिअर, प्लीज!" नात रुही म्हणाली आणि रेंजरला बोलवायला धावली.

वीणाताई थांबल्या नाहीत. ऊन चढत होतं. पदर खोचून त्या वाट सोडून आत शिरल्या. "अहो! अहो, ऐकलंत का?"

लांबवर पांढरा सदरा दिसला. पाठमोरा, चालतच होता.

"अहो!"

सदरा वळला नाही. 'अहो' म्हणजे आपण, हेच ते विसरले होते. वीणाताईंनी लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा त्या मुलाला सांगायला लावत. आता त्यांनी घसा खाकरला. त्या नवी नवरी असताना सासूबाई मागच्या दारातून मुलाला जशी हाक मारत, तशीच त्यांनी मारली.

"मन्याऽऽ! ए मन्याऽऽ!"

सदरा थबकला. वळला.

"आलो गं, आई!"

वीणाताईंनी हात पुढे केले.

बाकावर बसवून त्या कंगव्याने त्यांच्या बाहीतले काटे उपसू लागल्या. देवदत्तला धाप लागली होती. "बस झालं आई. मी उद्याच होममध्ये फोन करतो."

"करायचा नाही. ते घरीच राहतील."

"तुला झेपणार आहे का?"

"मला आई म्हणालेत ना? मग झेपेल."

झेपलं. देवदत्तने घराच्या दारांना घंटा बसवल्या आणि होमचं नाव परत काढलं नाही. रुही कॉलेजला बॉस्टनला गेली. मराठी वाचायला शिकतेय. मनोहरराव दोन वर्षांनी, आपल्याच अंथरुणात गेले. वीणाताई अजून नेपरव्हिललाच आहेत.

ते जाण्याच्या थोडं आधी, वरणभात भरवताना त्यांनी विचारलं होतं, "मन्या, घरातून सारखा कुठे निघायचास रे?"

घास बाजूला सारत ते म्हणाले, "वीणाला शोधायला. कुठेच दिसत नाही गं ती, आई."