मालकाचा रकाना

"डबे माझ्याकडे आहेत आणि इंजिनं तिच्याकडे," केतन म्हणाला आणि पिशवीतले पुठ्ठ्याचे रिकामे डबे एकेक करून टीपॉयवर मांडू लागला.

नंदकुमार कारखानीसांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मुलुंड पूर्वेच्या या घरात बसून ते बरीच वर्षं रेल्वे इंजिनांच्या मॉडेल्सची यादी करत होते. खेळणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. इंजिन कुठल्या कंपनीचं, बुडाला नंबर काय, रंग कुठला, हे सगळं परदेशी याद्यांतही सापडतं. पण ते इंजिन आज कोणाच्या कपाटात आहे, हा मालकाचा रकाना फक्त कारखानीसांच्या यादीत होता. मुंबईतल्या कोणाही हौशी माणसाने नवं इंजिन घेतलं की तो आधी त्यांना फोन करायचा. तोवर ते आपलं झालं असं त्याला वाटतच नसे.

केतनला यातलं काही ठाऊक नव्हतं. कितीतरी दिवस त्याने इंटरनेटवर याद्या धुंडाळल्या होत्या. शेवटी घाटकोपरच्या एका दुकानदाराने त्याला इथे पाठवलं.

"कपडे नेले नाहीत, दागिने नेले नाहीत," तो म्हणाला. "वडिलांनी दिलेली इंजिनं तेवढी घेऊन शर्मिष्ठा घराबाहेर पडली. माहेरी नाही, मैत्रिणींकडे नाही. मग मी विचार केला, इंजिनं बरोबर आहेत ना, म्हणजे यादीवाल्यांकडे कुठेतरी उगवणारच. या लोकांना राहवत नाही ना, काका."

"खरंय," कारखानीस म्हणाले. "राहवत नाही."

"ती बरी नाहीये हो. डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. रस्त्यात कुठे चक्कर येऊन पडली, तर मी काय करू?"

दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. कोणालाही दया यावी असाच दिसत होता तो.

कारखानीसांच्या पत्नी जयंतीबाईंना मात्र दया आलेली दिसली नाही. त्यांनी चहाचा कप आपटल्यासारखाच ठेवला.

"अहो, लोकांचे पत्ते असे कोणालाही द्यायचे नसतात."

"नवरा आहे तो तिचा," कारखानीस म्हणाले.

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन लावला. "गंधाली, निघालीस का गं? मागच्या गेटने ये, पुढे सगळं खणून ठेवलंय," एवढं बाहेर ऐकू आलं.

कारखानीस एकेक डबा उचलून नंबर वाचत होते आणि लॅपटॉपवर यादी वरखाली करत होते. सगळं सावकाश. केतनचा पाय सारखा हलत होता.

"डबे फार जपलेत," ते म्हणाले. "डबे मागे ठेवून इंजिनं कोणी नेत नाही हो. आमच्यात डब्याशिवाय इंजिन म्हणजे अर्धंच."

"घाईत होती ती. मी आंघोळीला गेलो होतो."

"तेवढ्यात?"

"एरवी दाराची किल्ली माझ्या खिशातच असते, काका. तिच्या भल्यासाठीच. त्या दिवशी शर्ट बाहेर राहिला, वाट लागली."

कारखानीसांनी पुढचा डबा उचलला. नंबर वाचला आणि नकळत म्हणाले, "हे काळं. याचा पुढचा बफर तुटलाय."

केतनचा पाय थांबला. "तो मीच तोडला. रात्रभर तेच पुसत बसली होती, डोकं फिरलं माझं. पण तुम्हाला कसं कळलं?"

कारखानीसांनी लॅपटॉपचा पडदा थोडा आपल्याकडे वळवला.

"यादीत शेरा आहे," कारखानीस म्हणाले. "तुटकंफुटकं असेल तर मालक कळवतो, आम्ही लिहून ठेवतो."

"म्हणजे तिने कळवलंय? कुठून?"

जयंतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "अहो, नका सांगू. पाया पडते तुमच्या."

कारखानीसांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "वर्सोवा," ते म्हणाले. "कोळीवाड्यात. मढची होडी सुटते, त्या धक्क्याच्या आसपास. घर नक्की सांगता येणार नाही, विचारत जावं लागेल."

केतनने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मग तो हसला. घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या जिवात जीव आल्यासारखा दिसला.

"या वेळी खिडक्यांनाही ग्रिल मारून घेतो," तो म्हणाला. "बाल्कनी तर बंदच करून टाकतो."

सगळे डबे कारखानीसांनी नीट पिशवीत भरून दिले. केतन वाकून त्यांच्या पाया पडला.

"तुमच्यामुळे माझी बायको मला मिळाली, काका."

"आता उशीर करू नका. इथून लांब पडतं ते," कारखानीस म्हणाले.

तो जिना उतरला. कारखानीस बाल्कनीत जाऊन उभे राहिले. केतनची रिक्षा नाक्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी ते कठडा धरूनच होते. जयंतीबाईंनी एकदा त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग आत जाऊन झोपायच्या खोलीच्या बंद दारावर हलकेच टकटक केली.

"शर्मिष्ठा, तो वर्सोव्याला गेला," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल पटकन. गंधाली मागच्या गेटपाशी गाडी घेऊन उभी आहे."