स्वागताची माळ

साहेबांची गाडी मैदानात वळली, तशी भिकाजी धुमाळांनी पिशवीतून फटाक्यांची माळ काढली. गेली चाळीस वर्षं प्रत्येक सभेत स्वागताची माळ तेच लावत आले होते.

"अण्णा, आता हे नको," शेजारी उभी असलेली त्यांची लेक रेवती म्हणाली. "इथे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल आहे."

"असू दे की! माणूस खरोखर घाबरल्याशिवाय त्याचं कुलूप उघडत नाही, तूच सांगितलंस. आणि माळेला कोण घाबरतंय, बाळ? लग्नातही वाजते."

नव्या कायद्याने सभेत स्वसंरक्षणासाठी शस्त्र नेता येत होतं. मनगटावरचा पट्टा काळजाचे ठोके मोजायचा. भीती खरी असली, तरच पिस्तुलाचं कुलूप उघडायचं आणि त्यावरचा हिरवा दिवा लाल व्हायचा.

अण्णांनी माळ पेटवली.

पहिल्याच आवाजाला मागच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि तिच्या कमरेला लाल दिवा लागला. तो पाहून शेजारच्याचा लागला, मग त्याच्या पलीकडच्याचा. माळ वाजून संपली तेव्हा अख्खं मैदान लाल झालं होतं आणि जो तो दुसऱ्याच्या दिव्याकडे बघत होता.

"अहो, फटाके होते! नुसते फटाके!" अण्णा दोन्ही हात उंचावून ओरडले. कोणी ऐकेना. तेवढ्यात त्यांच्याच कमरेच्या पिस्तुलाचं कुलूप खट्ट उघडलं.

"अण्णा," रेवती म्हणाली, "हात खाली घेऊ नका."

तिच्या हातातल्या पिस्तुलावरचा दिवाही लाल होता.