जात्यावरच्या दोघी

“जात्यावरच्या दोघींपैकी जी नेली जाईल, ती स्वर्गात!” चर्चमध्ये आमचे हे ओरडत होते.

“छे! नेली जाईल ती शिक्षेला. ठेवलेलीच वाचेल!” थोरले दीर टेबल बडवत होते.

प्रभू पुन्हा येईल तेव्हा शेतातल्या दोघांपैकी आणि जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी एकाला नेलं जाईल, एकाला ठेवलं जाईल, या बायबलमधल्या एका ओळीवरून हे दोन पंडित चर्चची मंडळी फोडायला निघाले होते. पुढच्या रविवारपासून मी आणि जाऊबाई वेगवेगळ्या चर्चांत बसणार म्हणे. आम्हाला विचारतो कोण? आम्ही सकाळपासून चर्चमागच्या स्वयंपाकघरात सगळ्या मंडळीच्या प्रीतिभोजनाचा मसाला वाटत होतो.

दुपारी दोघे आत डोकावले. “झालं का जेवण?”

जाऊबाईंनी हात पुसले. “शास्त्रात शेतात दोघे आहेत, जात्यावर दोघी आहेत. वाद घालत बसलेल्यांचं काय होणार, ते कुठेच लिहिलेलं नाही.”

मी दोनच ताटं वाढली. आमची.