बाबा सोडून सगळं

खुशबूनं शेजारच्या मनकर्णाबाईंचं नाव घेतलं, तेही अख्खं, आणि अंगणात एकच गलका झाला.

"आयकलं का रे कैलाश? चार अक्षरं!" मनकर्णाबाई कुंपणावरूनच ओरडल्या. "'बाबा'त तं दोनच आहेत, तेबी सारखेच. तरी तुझा नंबर नाही लागला?"

कैलाश हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता. घरात जाऊन त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं : मनकर्णा.

मे महिन्यापासून हे कॅलेंडर असं भरत आलं होतं. पहिल्या नऊ चौकटी कोऱ्या. दहावीत 'डोळे उघडले'. जूनमध्ये 'मान सावरली'. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, सारं एकोडी गाव चिखलात वाकलेलं असताना, 'भिंतीला टेकून बसली'. पोळ्याला 'पाणी'. म्हणजे प्यायली नव्हे, म्हणाली. धान निसवला तेव्हा आजीच्या बोटाला धरून विहिरीपर्यंत गेली. अठ्ठावीस पावलं, कैलाशनं स्वतः मोजलेली. मग 'आजी', 'आई', 'बकरी', 'बस'. बकरी आपल्या पुढे गेली याचं त्याला काही वाटलं नाही. बसचं मात्र वाटलं.

आठ वर्षांची पोर बाबा काहून म्हणत नाही, याचा त्याच्यापुरता हिशेब केव्हाच झाला होता. कैलाश करीमनगरकडे रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायचा. वर्षातून दोनदा गावी यायचा. मे महिन्यात आला, आणि सानगडीच्या बाजारातून परतताना खुशबूला त्यानं मोटरसायकलच्या टाकीवर बसवलं. गतिरोधक दिसला तेव्हा उशीर झाला होता. पोर उडाली ती डोक्यावर पडली. कैलाशच्या कोपराला खरचटलं, तेवढंच. आता ती साऱ्यांची नावं घेत होती. हँडल ज्याच्या हाती होतं, तो सोडून.

"काही शब्द मागून येतात. घाई करू नका," नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

कैलाशनं मान डोलावली होती. पण "मी कोण?" असं विचारलं की खुशबू त्याच्याकडे कशी पाहायची, ते डॉक्टरांनी कुठं पाहिलं होतं? ती टक लावून पाहायची. मग मान खाली घालून लाखोळीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकू लागायची. बोटांसाठी तिला दिलेला तो व्यायाम होता. एरवी तो करायला तिला दहा वेळा सांगावं लागे. ते पाहणं काही विसरलेल्या माणसाचं नव्हतं, एवढं बापाला कळत होतं.

दिवाळीत ठेकेदाराचा फोन आला. "येतो कधी?"

"पोरीनं एकदा बाबा म्हटलं का दुसऱ्याच दिवशी गाडीत बसतो, साहेब," कैलाश खुशबूच्या खाटेच्या कडेवर बसून म्हणाला.

हेच त्यानं पानठेल्यावर सांगितलं होतं, मनकर्णाबाईंना सांगितलं होतं, बायकोला तर रोजच सांगत होता. त्याचं ते वाक्य एव्हाना साऱ्या एकोडीला पाठ होतं. म्हणून बायका कामाला लागल्या. रत्नमाला लेकीची वेणी घालता घालता कानात कुजबुजायची, "बाबा म्हण, बाबा." गोदावरीबाईंनी, म्हणजे कैलाशच्या मायनं, अनरसा नातीच्या नाकापुढे धरला.

"बाबा म्हण, मंग घे."

अनरशावर जीव असलेली ती पोर. तिनं ताटली सरकवून दिली.

"बापावरच गेली," गोदावरीबाई म्हणाल्या. "हट्टी."

कापणी आटोपली. ठेकेदाराचा पुन्हा फोन आला, आता आवाज चढलेला. सोमवारी आला नाहीस तर मशीन दुसऱ्याच्या हाती देतो.

शनिवारी कैलाशनं बॅग भरली. रविवारी सकाळी तो खुशबूपुढे उकिडवा बसला.

"चाललो मी. आता तरी म्हण नं वो माय. एकडाव."

खुशबूचे ओठ उघडले. मग घट्ट मिटले. पण तिचा डावा हात, मे महिन्यापासून मांडीवर नुसता पडून असलेला, वर आला आणि त्याच्या शर्टाला चिकटला.

"अवो, डावा हात!" रत्नमाला ओरडली. "पाहा तं, मूठ वळली!"

ती मूठ सोडवायला कैलाशला दोन्ही हात लागले. कॅलेंडरात लिहायला वेळ नव्हता. तो वळून न पाहता रस्त्याला लागला.

साकोलीला नागपूरची बस लागलेलीच होती. खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानं घरी फोन लावला.

"बसलो, माय."

"बसला का? नागपुरात जेवून घेजो. उपाशी नोको राहू."

"हो. ते काय करून राहिली?"

"कोण, खुशबू? बसली आहे. तू आपला जाय सुखानं."

बोलणं झालं की फोन खाटेवर ठेवून द्यायचा, कापायचा नाही, ही गोदावरीबाईंची रीत. कैलाशनंही कापला नाही. कानाला लावून बसला. बादलीचा आवाज आला. बकरी ओरडली. तेवढंच घर सोबत येत होतं. त्याच्या मनात आलं, आता ती कधीतरी म्हणेल, आणि ते कॅलेंडरात दुसरंच कोणी लिहील.

बस हलली.

"अवो, रडून काहून राहिली, बाई?" मायचा आवाज आला. "कोठी दुखते?"

थोडा वेळ नुसते हुंदके. मग एक आवाज, अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवत :

"आजी... मी तं बाबा म्हटलंच नाही. एकडावबी नाही म्हटलं. मंग बाबा काहून गेला?"