ठोक्याच्या जरा आधी

लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं घूं बंद झाली. स्पीकरमधून आता नुसती गिटार येत होती. साउंड दुरुस्त करायला आलेल्या बाईंनी चार्जरची पिन वर धरून दाखवली.

"हा ओरडत होता. रेकॉर्डिंग करताना बॅटरीवर चालवा. गिटारला काही झालेलं नाही."

"आणि मी बसलोय वायरी बदलत!" दादा म्हणाला. त्याला हायसं वाटलं. छकूला तर जास्तच वाटलं. छकू म्हणजे त्याची धाकटी बहीण. सव्वीस वर्षांची झाली तरी घरात तिचं नाव तेच राहिलं होतं. एका नाटक कंपनीला गिटार वाजवणारं माणूस हवं होतं. छकू जाऊन वाजवून आली. हात गोड आहे, पण तुम्ही ठोक्याच्या पुढे पळता, असं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं. फार गयावया केल्यावर एक संधी मिळाली. आज संध्याकाळपर्यंत घरून स्वच्छ रेकॉर्डिंग पाठवायचं. तेही नाही आवडलं, तर काकांच्या ओळखीने मिळालेली ऑफिसातली खुर्ची तिची वाट बघत होतीच.

दादाच्या मते कंपनीवाल्यांचेच कान फुटके होते.

"मॅडम, हिला वेळेवर आणायला दोन वर्षं घासलंय मी," त्याने बाईंना ऐकवलं. "आधी दर ठोक्याला मागे पडायची. आता बघा."

त्याने जुनं रेकॉर्डिंग लावलं. स्क्रीनवर ठोक्यांच्या उभ्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेवर छकूची गिटार नेमकी येऊन बसली होती. दादा बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. कौतुक कुठून सुरू होतंय ते त्याला चुकवायचं नव्हतं.

बाईंनी कौतुक केलं नाही. त्यांनी खोक्यातून एक छोटी वायर काढली. गिटार ज्या डब्यात लावतात, त्या डब्याचा बाहेर जाणारा आवाज त्यांनी वायरीने त्याच डब्यात परत आत घातला. मग लॅपटॉपवरून एक 'टक्' सोडला. टक् बाहेर गेला, फिरून आत आला आणि स्क्रीनवर उमटला. रेघेवर नाही, रेघेच्या नंतर, चांगलं बोटभर अंतर सोडून.

"आवाज आत यायला थोडा वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "लॅपटॉपने तेवढा वेळ वजा करायचा असतो. इथे तो आकडाच चुकीचा भरलाय." त्यांनी आकडा बदलला, टक् पुन्हा सोडला. या वेळी तो थेट रेघेवर पडला. "हं. आता वाजवा."

छकूने वाजवलं. छान वाजवलं. तिघांनी स्क्रीनकडे पाहिलं. गिटार दर ठोक्याला रेघेच्या आधी उभी होती. एकदा नाही, प्रत्येक वेळी, आणि तेवढंच बोटभर आधी.

"बिघडवलंत ना!" दादा खुर्चीतून उठलाच.

"बिघडलेलं होतं, ते नीट केलं. हे मशीन सगळं उशिरा लिहीत होतं."

"म्हणजे हल्लीच काहीतरी झालं असेल."

"नाही. बसवलं तेव्हापासूनचं आहे हे. कोणी बसवलं होतं?"

दादानेच बसवलं होतं, आणि कुणाला हात लावू दिला नव्हता.

सुरुवातीचे ते महिने छकूला लख्ख आठवत होते. दादा, मी ठोक्यावरच मारतेय रे, असं ती सांगायची. मग स्क्रीनवर दिसतंय ते काय खोटं आहे, असं दादा विचारायचा. जरा आधी मार. अजून आधी. ती रडकुंडीला यायची. तिच्या कानाला ते खटकायचं, पण दादापुढे स्वतःच्या कानाचं ऐकायची तिला हिंमत नव्हती. शेवटी एके दिवशी गिटार रेघेवर येऊन बसली. दादाने तिला पाठीवर थाप दिली होती आणि तिला खरंच आनंद झाला होता.

दादालाही सगळं आठवलं असणार. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "छकू..." एवढं म्हणून त्याने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळ होत आली होती. बहिणीची माफी मागण्यापेक्षा चांगलं झालेलं मशीन पुन्हा बिघडवणं त्याला सोपं वाटलं.

"मॅडम, जुनाच आकडा टाका परत," तो म्हणाला.

बाईंनी छकूकडे पाहिलं. छकूने मान हलवली. आकडा परत आला. छकूने पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवलं. गिटार रेघेवर अशी बसली, की बोट ठेवायला जागा नाही. घूं नाही, खरखर नाही.

"एक नंबर!" दादाने टाळी वाजवली. त्याचा चेहरा पुन्हा फुलला होता. "आता कोण नाही म्हणतो बघू. पाठवून टाक. घेतात की नाही बघ तुला!"

छकूने गिटार मांडीवरून खाली ठेवली नाही.

"घेतीलही," ती म्हणाली. "पण दादा, मी आता फक्त याच खोलीत वेळेवर आहे."